ओझं उचलायचं नाही!

बाजाराची पिशवी शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हातात घ्यायची नाही, पाण्याची बादली उचलायची नाही, नातवंडाला कडेवर घ्यायचं नाही. त्या हाताला सुई नको, रक्तदाबाचा पट्टाही नको. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना कित्येक वर्षं ही यादी तोंडपाठ करवूनच घरी पाठवलं जाई. यादीमागची भीती, हात सुजण्याची, खोटी नव्हती. पण तिच्यातल्या एकेका कलमाला पुरावा काय, हे फारसं कुणी विचारलं नव्हतं.

भीतीचं मूळ शंभर वर्षांहून जुनं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये आपल्या ५० रुग्णांचे निष्कर्ष छापले. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथी असं सगळं ते एकत्रच काढत. गाठ त्याच जागी उलटण्याचं प्रमाण त्यामुळे खूप घटलं आणि जगभर हीच पद्धत रूढ झाली. पण हातातलं जादा पाणी आणि प्रथिनं, म्हणजेच लसिका, रक्तात परत नेणारी वाट काखेतूनच जाते. ग्रंथी काढल्या, वर किरणोपचार झाले, की ती अडते आणि हात सुजतो. कधी लगेच, कधी काही वर्षांनी. हॉल्स्टेड यांना हे दिसत होतंच. १९२१ मध्ये त्यांनी या सुजेवर स्वतंत्र लेख लिहिला, तिला शस्त्रक्रियेतून आलेला हत्तीरोग म्हटलं आणि दोष मुख्यतः जंतुसंसर्गाला दिला.

गंमत म्हणजे उपाय आधीच लिहून ठेवलेला होता. ऑस्ट्रियन शल्यविशारद अलेक्झांडर फॉन विनिवार्टर यांनी १८९२ मध्येच सुजलेल्या अवयवासाठी दाब, मालिश आणि व्यायाम सुचवला होता. तो विस्मरणात गेला. १९३० च्या दशकात फ्रान्समधल्या कान इथे एमिल आणि एस्ट्रिड फोडर या डॅनिश दांपत्याने त्वचा जेमतेम सरकेल इतक्या हलक्या हाताने लसिका पुढे ढकलण्याची पद्धत बसवली. फोडर डॉक्टर नसल्याने वैद्यकविश्वाने त्यांना बराच काळ दारातही उभं केलं नाही. पुढे जर्मनीत मिहाएल आणि एटेल्का फोल्डी यांनी हे मालिश, पट्ट्या, व्यायाम आणि त्वचेची निगा यांची सांगड घालून उपचाराला शिस्त आणली.

दरम्यान सुरीही आवरती झाली. १९९० च्या दशकात काखेतल्या पहिल्या एक-दोन ग्रंथी तपासून पुढचं ठरवण्याची पद्धत आली. त्यासाठी लागणारी किरणोत्सारी द्रव्यं आणि यंत्रं सगळीकडे कुठली असायला? मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या शल्यविशारदांनी काखेतल्या एका मज्जातंतूच्या खालचाच ग्रंथींचा भाग काढून तपासण्याची स्वस्त पद्धत पारखली आणि २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपल्याकडच्या जिल्हा रुग्णालयांच्या दृष्टीने हे काम फार मोलाचं.

ओझ्याच्या भीतीला पहिला धक्का मात्र बसला तो कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या पाण्यावर. तिथल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले क्रीडावैद्यक डॉन मॅकेन्झी यांनी १९९६ मध्ये स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या २४ बायका गोळा केल्या आणि त्यांना चक्क ड्रॅगन बोटीत बसवलं. लांबलचक नाव, दोन्ही बाजूंना वल्हेकरी, पुढे ढोल. खांद्यापासून कमरेपर्यंत अंग पिळवटणारं, तेच ते पुन्हा पुन्हा करायचं काम. म्हणजे यादीत बरोब्बर निषिद्ध ठरवलेलं. मॅकेन्झींनी घाई केली नाही. आधी व्यायामशाळेत ताकद कमावून घेतली, मग वल्हं हाती दिलं. हंगाम संपला तेव्हा एकीलाही नव्याने सूज आली नव्हती आणि आधीची कुणाची वाढलीही नव्हती. बायका थांबल्या नाहीत. आज अशा चमू अनेक देशांत आहेत.

चोवीस जणींवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरंच. म्हणून अमेरिकेतल्या संशोधक कॅथरिन श्मिट्झ यांची चाचणी महत्त्वाची. हाताला आधीच सूज असलेल्या १४१ बायकांपैकी निम्म्यांना आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लावली. सुरुवात अगदी हलक्या वजनाने, वाढ हळूहळू, व्यायामाच्या वेळी दाबाची बाही चढवलेली. २००९ मध्ये निकाल आला: वर्षभरात सूज बळावण्याचे प्रसंग व्यायाम करणाऱ्यांत १४ टक्के जणींना, न करणाऱ्यांत २९ टक्के जणींना. २०१६ मध्ये बॉस्टनच्या ६३२ रुग्णांच्या अभ्यासात रक्तदाबाचा पट्टा, सुई आणि विमानप्रवास यांचा सुजेशी ठळक संबंध आढळला नाही. जास्त वजन आणि त्वचेखालचा जंतुसंसर्ग यांचा मात्र आढळला. हॉल्स्टेड अगदीच चुकले नव्हते तर!

तरीही जुनी यादी घरोघरी टिकून आहे. सौम्य सुजेत हात जपून बाजूला ठेवण्यापेक्षा तो बेताने वापरणं बरं, हे सांगायला वेळ लागतो. 'उचलू नका' एका दमात सांगून होतं. ब्लाउजची एकच बाही घट्ट होऊ लागली, बांगडी चढेना, संध्याकाळी हात जड वाटला, तर फिजिओथेरपिस्टला गाठावं. हात लाल, गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. आणि शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल, तर तिच्याआधीच दोन्ही हातांची मापं टेपने घेऊन कागदावर लिहून ठेवायला सांगावं. पुढे तुलना करायला दुसरं काही हाताशी नसतं.