श्रद्धेतले सोवळे

मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाच्या हाती बहुधा आधी धर्मांतराच्या हकिगती लागतात. कोण कधी ख्रिस्ती झाले, घरच्यांनी कसा आकांत केला, समाजाने कसे वाळीत टाकले. या हकिगती खऱ्या आहेत आणि वाचनीयही आहेत. पण माझ्या मते या विषयाची खरी गोडी बाप्तिस्म्यानंतर सुरू होते. एक सोवळे मोठ्या कष्टाने सोडून आलेल्या माणसाला नव्या घरातही सोवळे पाळताना लोक दिसले, तर तो काय करतो? कर्मठपणा आणि स्वतःच्या पुण्याईचा ताठा ही ख्रिस्ती श्रद्धेला पहिल्या पिढीपासून जडलेली दुखणी आहेत. मराठी ख्रिस्ती लेखकांनी ती चटकन ओळखली, कारण ती त्यांनी घरीच पाहिली होती.

लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांचेच पाहा. १८५७ च्या धामधुमीत सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर त्यांच्या सोवळ्याला धरबंध राहिला नाही. घरात मीठसुद्धा धुवून घेतले जाई. ‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाई हे हसत हसत सांगतात, पण त्या हसण्याखाली मुलांचे आणि आईचे हाल आहेत. पुढे १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तरी लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे लगेच सोडले नाही. नवऱ्याच्या घरी परतल्यावरही काही काळ त्यांचे खाणेपिणे वेगळेच राहिले. पती ख्रिस्ती, पत्नी सोवळ्यात आणि संसार एक, हे चित्र धर्मशास्त्राच्या कोणत्याही जाड ग्रंथापेक्षा जास्त शिकवते.

पंडिता रमाबाईंच्या वाट्याला आले ते याच्या उलट. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या अँग्लिकन मठातील सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यानंतरच्या वर्षांत दोघींमध्ये जो पत्रव्यवहार झाला, तो या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा दस्तऐवज आहे असे मी बेधडक म्हणेन. वादाची कारणे वरवर किरकोळ वाटतात. अंडे घातलेले पुडिंग रमाबाई खात नाहीत, हा जातीचा अभिमान नव्हे काय? क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत की संस्कृत? रमाबाईंनी चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही? या शेवटच्या प्रश्नात तर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनीही लक्ष घातले आणि नकार कळवला. रमाबाईंचे उत्तर असे की भटजींचे जोखड नुकतेच मानेवरून उतरवले आहे, तेव्हा धर्मगुरूंचा प्रत्येक शब्द देवाची आज्ञा मानून दुसरे जोखड त्या घेणार नाहीत. एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला आली आणि कोणाला उपद्रव न देता तिने आपल्या चालीरीती पाळल्या, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल का, असा त्यांचा उलट सवाल होता.

आता इथे नवख्या अभ्यासकाने सावध राहायचे. रमाबाईंचे अंडे न खाणे हेदेखील सोवळेच नव्हते का? थोडेफार होते, आणि त्यांनी ते नाकारलेही नाही. फरक एवढाच की तो नियम त्यांनी स्वतःपुरता ठेवला. सिस्टर जेराल्डिन यांनी मात्र पुडिंगच्या वाटीवरून दुसरीची नम्रता जोखायला घेतली. कर्मठपणा नेमका इथून सुरू होतो.

याच वाँटेजच्या सिस्टर्स पुण्यातही काम करत होत्या, पंचहौद मिशनच्या परिसरात. त्याच मिशनमध्ये ऑक्टोबर १८९० मध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. रानडे, लोकमान्य टिळक, गोखले अशी मंडळी तिथे होती. गोपाळराव जोशांनी ही बातमी फोडली, ‘पुणे वैभव’ने नावे छापली, ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि अखेर कोणी काशीत तर कोणी पुण्यात प्रायश्चित्त घेतले. वाँटेजमधले पुडिंग आणि पंचहौदचा चहा ही दोन प्रकरणे एकत्र ठेवून वाचावीत, असा माझा आग्रह आहे. एकीकडे न खाल्ल्याने श्रद्धा उणी ठरली, दुसरीकडे प्याल्याने धर्म बुडाला.

सत्ता हाती असली की हेच दुखणे किती वाढते, ते गोव्यात दिसते. तिथले इन्क्विझिशन १५६० ते १८१२ चालले, मधली थोडी वर्षे सोडून. १७३६ च्या फर्मानाने ख्रिस्ती घरांना काय काय वर्ज्य केले, याची यादी अ. का. प्रियोळकरांच्या १९६१ च्या इंग्रजी ग्रंथात मिळते. धोतर, चोळी आणि दारची तुळस यांवर बंदी होतीच, शिवाय हिंदूंप्रमाणे अळणी भात शिजवून वरून मीठ घेण्यावरही होती. ज्या धर्माचा संस्थापक जकातदारांच्या घरी जेवला, त्याच्या नावाने लोकांच्या भाताच्या हंडीत डोकावले जात होते.

मुळात हा झगडा पंगतीचाच आहे. इसवी सनाच्या पन्नाशीच्या सुमारास पौलाने गलतीकरांना पत्र लिहिले. त्यात अंत्युखियाचा प्रसंग आहे. पेत्र गैरयहुदी विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे, पण यरुशलेमहून काही जण येताच पंगतीतून उठू लागला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष खडसावले. मराठी वाचकाला या प्रसंगावर टीपा द्याव्या लागत नाहीत, हा आपला फायदा.

पण याच ठिकाणी एक खड्डाही आहे. पौलाच्या आणि शुभवर्तमानांच्या आधाराने ख्रिस्ती उपदेशकांनी शतकानुशतके ‘परूशी’ म्हणजे ढोंगी असे समीकरण रूढ केले आणि सगळा यहुदी धर्म कोरड्या नियमांचा ठरवून टाकला. १९७७ मध्ये ई. पी. सँडर्स यांनी पौलावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की त्या काळच्या यहुद्यांच्या दृष्टीने करार हा देवाच्या कृपेचाच होता आणि नियमपालन म्हणजे त्या करारात राहण्याची रीत. त्यांच्या सगळ्या निष्कर्षांवर एकमत नाही, पण त्यानंतर जुने समीकरण आंधळेपणाने मांडता येत नाही. मिशनऱ्यांनी हेच समीकरण हिंदू कर्मकांडाला लावले होते, आणि खुद्द रमाबाईंच्या उत्तरायुष्यातील लेखनातही हिंदू शास्त्रांविषयीचा सूर कठोर होतो. ‘देवा, मी त्या परूश्यासारखा नाही’ अशी प्रार्थना करणारा नवा परूशी आपल्या अभ्यासात जागोजागी भेटेल. तो कधी मिशनरी असतो, कधी सुधारक, कधी संशोधक.

नारायण वामन टिळकांनी यातून वेगळी वाट काढायचा प्रयत्न केला. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचा राजीनामा देऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त येऊ शकत. १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. नियमांचे बंधन कमी ठेवले म्हणून तो मोडला की नेताच गेल्यामुळे, हा प्रश्न अजून कोणीतरी नीट हाताळायला हवा. चर्चमधल्या जातीचा प्रश्नही तसाच. मातंग आणि महार ख्रिस्तींच्या अनुभवाखेरीज या विषयाचा कोणताही इतिहास अपुरा आहे.

वाचनाला सुरुवात ‘स्मृतिचित्रे’पासून करा. मग अ. भि. शहा यांनी संपादित केलेला रमाबाईंचा पत्रव्यवहार घ्या, तोही १९७७ चाच. त्यातली सिस्टर जेराल्डिन यांची पत्रे चिडून वगळू नका. हा सारा पत्रव्यवहार, रमाबाईंच्या सडेतोड उत्तरांसकट, सिस्टर जेराल्डिन यांनीच जमवून जपून ठेवला, म्हणून तो आज आपल्याला वाचायला मिळतो.