रूटचं घर आणि आपलं घर

परवा माझ्या तोंडचं पाणी पळालं. आईच्या जात्यावरच्या ओव्या मी गेली दोन वर्षं थोड्या थोड्या करून संगणकात उतरवतोय. नातवाने त्यावर लिनक्स घालून दिलंय. एक फॉन्ट बसवायचा होता, म्हणून 'एसयू' लिहून रूटचा पासवर्ड दिला. काम झालं. मग सवयीने 'सीडी' लिहून घरी आलो, 'एलएस' केलं... तर घर रिकामं! एकही ओवी नाही.

नातवाला फोन लावला. तो हसला. "आबा, तुम्ही रूटच्या घरात उभे आहात. 'एक्झिट' लिहा आणि आपल्या घरी या." आलो. ओव्या जागच्या जागी होत्या.

पण मास्तरकीची खोड जात नाही. ही दोन घरं का, ते शोधून वाचलं.

लिनक्सची ही रीत युनिक्सकडून आली. युनिक्सचा जन्म १९६९ सालचा, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून. १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही 'एसयू' आहे. फायलींची रचना उलट्या झाडासारखी. सगळ्याचं मूळ म्हणजे '/', आणि रूट या सर्वाधिकारी खात्याचं घरही तेच. बाकीच्यांची घरं 'यूएसआर'मध्ये असत. डिस्क छोट्या. मूळ डिस्कवर प्रोग्रॅम मावेनात, ते 'यूएसआर'मध्ये शिरले. पुढे माणसांनाच तिथून बाहेर पडावं लागलं. भाडेकरूने मालकाला काढावं तसं!

१९९१ साली फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स आणलं. त्यात आपली घरं 'होम'मध्ये, आणि रूटचं मात्र वेगळं, थेट मुळाशी: '/रूट'. ही बडेजावासाठी नव्हे. 'होम' पुष्कळदा वेगळ्या डिस्कवर, कधी दुसऱ्याच संगणकावर असतं. ते जोडलं गेलं नाही, तरी दुरुस्ती करणाऱ्याला आत येता यायला हवं. आग लागलीच, तर बंबवाल्याचं घर त्याच आळीत नसावं!

आणखी एक गंमत. नुसतं 'एसयू' लिहिलं तर अधिकार बदलतो, पण आपण होतो तिथेच उभे राहतो. पुढे जागा सोडून आडवी रेघ दिली की थेट रूटच्या घरात. नुसतं 'सीडी' मात्र, त्या घडीला तुम्ही जे कोण असाल, त्याच्या घरी नेतं. ओळीच्या टोकाला '$' चं '#' झालेलं असतं. मीच पाहिलं नव्हतं.

मंडळी, मी एक वर्ष प्रभारी मुख्याध्यापक होतो. घरीही त्याच आवाजात बोलायचो. तेव्हा ही चहाचा कप पुढे ठेवून म्हणायची, "शाळा सुटली हो!"

ते माझं 'एक्झिट' होतं. आता ते माझं मलाच लिहावं लागतं.

असो.