पाच पाकळ्यांचं चाक

जर्मनीतल्या ओटो फुक्स कारखान्याचं पाच पाकळ्यांचं चाक १९६६मध्ये पोर्शे ९११ एस गाडीवर आलं. ते ओतीव नव्हतं; ॲल्युमिनियम मिश्रधातू प्रचंड दाबाखाली घडवून केलेलं, म्हणून हलकं आणि चिवट होतं. पाकळ्यांची चमक आणि मधला काळा रंग ही त्याची ओळख ठरली. आजच्या स्वस्त प्रतिकृती बहुतेक ओतीव असतात. त्या घासून, पाकळ्यांवर मास्किंग टेप लावून खोलगट भाग काळा रंगवला की तेच रूप उमटतं. ही फसवणूक आहे, असा आक्षेप घेतला जातो. पण फसवणूक प्रतिकृती अस्सल म्हणून विकण्यात असते, रंगवण्यात नव्हे. मूळ चाकं महाग झाल्यावर त्या रूपाची आठवण रस्त्यावर जिवंत ठेवतो तो प्रतिकृती रंगवणारा कारागीरच. मात्र रंगानं ताकद वाढत नाही. प्रतिकृतीची भारक्षमता आधी तपासायलाच हवी.