व्यवसाय शिक्षकांचे मानधन : हातात किती येते आणि कुठवर पुरते?

नववी ते बारावीच्या मुलांना ऑटोमोबाईल, रिटेल, शेती, आरोग्यसेवा, ब्युटी अँड वेलनेस असे विषय शिकवणाऱ्या शिक्षकांना कागदोपत्री ‘व्यवसाय प्रशिक्षक’ म्हणतात. आपल्या वस्त्यांमधले डिप्लोमा, आयटीआय किंवा पदवी झालेले अनेक तरुण-तरुणी या कामाकडे वळतात. करारावर सही करण्याआधी या नोकरीचा हिशेब समजून घ्यावा, म्हणून ही माहिती आम्ही एकत्र मांडत आहोत.

ही पदे येतात कुठून?

कोठारी आयोगाने (1964-66) माध्यमिक शिक्षणाला व्यवसायाची जोड द्यावी असे सुचवले. 1988 मध्ये केंद्राची योजना आली आणि अकरावी-बारावीला एमसीव्हीसीचे वर्ग वाढले. 2018 पासून शालेय व्यवसाय शिक्षण ‘समग्र शिक्षा’मध्ये आहे. महाराष्ट्रात या योजनेचा खर्च केंद्र आणि राज्य 60:40 प्रमाणात उचलतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने तर 2025 पर्यंत किमान 50 टक्के विद्यार्थ्यांपर्यंत व्यवसाय शिक्षण नेण्याचे उद्दिष्ट ठेवले.

उद्दिष्ट मोठे असले तरी शिक्षकाचे पद मात्र कायम नाही. बहुतेक ठिकाणी प्रशिक्षक हा शाळेचा किंवा सरकारचा कर्मचारी नसतो. सरकार एखाद्या प्रशिक्षण संस्थेला काम देते आणि ती संस्था प्रशिक्षक नेमते. पैसा सरकारचा, वर्ग शाळेचा, सही मात्र तिसऱ्याची.

एकाच शाळेतले तीन पगार

प्रशिक्षित पदवीधर माध्यमिक शिक्षकाची वेतनश्रेणी एस-14 आहे, म्हणजे मूळ वेतन 38,600 रुपयांपासून सुरू होते. 1 जानेवारी 2024 च्या 50 टक्के महागाई भत्त्याने ते 57,900 होते. घरभाडे भत्ता वेगळा.

नवा शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक असतो. 2023 पासून माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये मानधन आहे. त्याआधी ते 8,000 आणि 9,000 होते. पण तीन वर्षांनंतर शिक्षणसेवकाला वेतनश्रेणी मिळते. व्यवसाय प्रशिक्षकाला पाच-सात वर्षांनंतरही ती वाट खुली नसते.

हातात किती?

समजा करारात महिना 20,000 रुपये लिहिले आहेत. 15,000 रुपयांवर पीएफ धरला तर 12 टक्क्यांनी 1,800 रुपये कापले जातात. ईएसआय लागू असेल तर 0.75 टक्के म्हणजे 150. व्यवसाय कर 200 (25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे). उरतात 17,850.

आता तालुक्याच्या गावी राहणाऱ्या छोट्या कुटुंबाचा साधा खर्च धरू : घरभाडे 4,000, किराणा-दूध-गॅस 6,500, शाळेपर्यंतचा प्रवास 2,500, वीज आणि मोबाईल 1,000, औषधपाणी आणि मुलांचे शिक्षण 2,000, गावी आईवडिलांना 1,500. बेरीज 17,500. उरले 350.

हा हिशेबही बारा महिने पगार मिळाला तरच जुळतो. करारात दहाच महिन्यांचे पैसे असतील, तर वर्षाचे 1,78,500 होतात, म्हणजे महिन्याला सरासरी 14,875. दर महिन्याला 2,625 रुपयांची तूट. ती उधारीने, बचत गटाच्या कर्जाने किंवा संध्याकाळच्या दुसऱ्या कामाने भरून निघते. पगार तीन-चार महिने रखडला तर तेही कोलमडते.

प्रश्न फक्त पैशाचा नाही

गणित शिकवणारा कायम आणि हत्यार धरायला शिकवणारा कंत्राटी, ही विभागणी आपल्याला नवी नाही. हाताच्या कामाला कमी लेखणाऱ्या जातिव्यवस्थेचाच हा सरकारी अवतार आहे. बाबासाहेबांनी ऑक्टोबर 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या सरकारला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य समाजासाठी तांत्रिक प्रशिक्षणाची मागणी केली होती. त्यामागे या कामातून सन्मानाची आणि स्थिर नोकरी मिळावी ही दृष्टी होती.

दुसरे, आरक्षण. मंजूर पदावर बिंदुनामावली लागते. खासगी संस्थेने नेमलेल्या माणसाला ती लावली जात नाही. म्हणजे पद बाहेर गेले की अनुच्छेद 16(4) चा हक्कही बाहेर जातो. राज्याने 6 सप्टेंबर 2023 ला बाह्ययंत्रणेमार्फत भरतीचा शासन निर्णय काढला आणि तरुणांच्या संतापानंतर ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. संघटित आवाजाचा उपयोग होतो, हे तिथे दिसले.

सही करण्याआधी आणि नंतर

- नियुक्तीपत्र लेखी घ्या. नियोक्ता कोण, पगार किती महिन्यांचा, सुट्टीचे काय, हे त्यात हवे.
- सांगितलेल्या रकमेतून मालकाच्या वाट्याचा पीएफही कापणार का, हे विचारा.
- यूएएन क्रमांक घ्या आणि पीएफचे पासबुक दर तीन महिन्यांनी तपासा.
- प्रत्येक महिन्याचे पगारपत्रक आणि शाळेतील हजेरीची प्रत जपून ठेवा.
- महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडे माहिती अधिकारात अर्ज करा : प्रति प्रशिक्षक मंजूर रक्कम किती आणि संस्थेला दिली किती? शुल्क 10 रुपये, एका अर्जात एकच विषय, मर्यादा 150 शब्द, उत्तराची मुदत 30 दिवस. मंजूर रक्कम आणि हातात आलेली रक्कम यांतला फरक हाच तक्रारीचा पुरावा.
- ‘समान कामाला समान वेतन’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने पंजाब सरकार विरुद्ध जगजीत सिंग (26 ऑक्टोबर 2016) या निकालात सरकारी खात्यांतील तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना लागू केले. बाह्यसंस्थेच्या प्रशिक्षकाची लढाई जास्त अवघड आहे, कारण आधी खरा नियोक्ता कोण हेच सिद्ध करावे लागते. म्हणून वरचे कागद महत्त्वाचे.

एकट्याने तक्रार केली तर पुढच्या वर्षी नाव यादीतून गळण्याची भीती असते. म्हणून तालुक्यातल्या सर्व प्रशिक्षकांनी मिळून अर्ज करावेत आणि आपल्या युवक मंडळांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे. शिका आणि संघटित व्हा, हे आपण भाषणात म्हणतो. पगारपत्रकावरही ते उतरले पाहिजे.