रविवारी दोन ते चार

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमध्ये मूल इस्पितळात दाखल झाले की आईवडिलांना बहुधा दारातूनच परत पाठवले जाई. १९४९ च्या एका पाहणीनुसार लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये भेटीची वेळ रविवारी दोन ते चार, एवढीच होती. सेंट थॉमसमध्ये पहिला महिना भेट बंद. संध्याकाळी सात ते आठ या वेळात झोपलेले मूल तेवढे पाहून जाता येई. खाटेखाली सतरंजी अंथरून मुक्काम ठोकणारे नातेवाईक पाहिलेल्या मराठी वाचकाला हा क्रूरपणा वाटेल. तो तसा नव्हता. एक तर साथीच्या रोगांची धास्ती होती. शिवाय परिचारिका रोज एक गोष्ट पाहत: आई येऊन गेली की मूल रडून आकांत करी, आली नाही की काही दिवसांत गप्प होई. गप्प झाले म्हणजे रुळले, असे सगळ्यांनी धरून चालले. न्यूकॅसलच्या जेम्स स्पेन्स या बालरोगतज्ज्ञाने १९२० च्या दशकातच आयांना मुलांजवळ ठेवून घेतले होते. पण तो अपवादच राहिला.

या गप्पपणावर बोट ठेवले ते जेम्स रॉबर्टसनने. युद्धकाळात तो अ‍ॅना फ्रॉइड यांच्या हॅम्पस्टेडच्या बालगृहात बंब सांभाळण्यापासून पडेल ते काम करी. तिथे प्रत्येक कर्मचाऱ्याने मुलांबद्दल जे दिसेल ते टिपून ठेवायचे, असा दंडक होता. पाहण्याची शिस्त त्याला तिथे लागली. १९४८ मध्ये टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्याकडे रुजू होऊन त्याने मुलांचे वॉर्ड पाहायला घेतले. त्याला तीन पायऱ्या दिसल्या: आधी आकांत, मग हताशपणा, आणि शेवटी अलिप्तता. तिसऱ्या पायरीवरचे मूल जेवते, खेळते, कोणाकडेही जाते. आई आली की मात्र तिच्याकडे फारसे लक्ष देत नाही. वॉर्डाच्या हिशेबी हेच गुणी बाळ.

डॉक्टरांचा विश्वास बसेना, म्हणून १९५२ मध्ये त्याने चित्रपट काढला. नायिका लॉरा, वय दोन वर्षे पाच महिने, हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दाखल. मोक्याचेच प्रसंग टिपले, असा आक्षेप येऊ नये म्हणून चित्रीकरण रोज ठरलेल्या वेळी झाले आणि भिंतीवरचे घड्याळ चौकटीत ठेवले गेले. लॉरा फारशी रडत नाही. अस्वलाचे खेळणे घट्ट धरून बसते, मधूनच आईची चौकशी करते आणि घरी निघताना आईचा हात धरायला नकार देते. रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमधल्या प्रेक्षकांपैकी अनेकांना हा चित्रपट म्हणजे आपल्या पेशाची बदनामी वाटली. तरी १९५९ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने भेटीवरचे निर्बंध उठवावेत आणि लहान मुलांसोबत आईला राहू द्यावे, अशी शिफारस केली. अंमलबजावणी रेंगाळली; १९६१ पासून पालकांच्या संघटनेला त्यासाठी पाठपुरावा करावा लागला.

पुढच्या आयुष्यावर काय परिणाम होतो, हा प्रश्न अधिक अवघड होता. क्षयरोगाच्या आरोग्यधामात राहून आलेल्या मुलांचा माग काढल्यावर १९५६ मध्ये खुद्द बोल्बी यांनाच आईपासून दुरावल्याने होणाऱ्या हानीबद्दलची आपली आधीची विधाने टोकाची होती, हे मान्य करावे लागले. उलट १९७५ मध्ये डग्लस या संशोधकांना पाच वर्षांच्या आत दीर्घकाळ किंवा वारंवार दाखल झालेल्यांमध्ये किशोरवयात वर्तनाच्या तक्रारी जास्त आढळल्या.

रॉबर्टसनच्या नोंदींवर टॅव्हिस्टॉकमध्ये काम केलेल्या मेरी एन्सवर्थ यांनी हाच प्रश्न इस्पितळातून घरात आणला. बाल्टिमोरमधल्या त्यांच्या निरीक्षणांत काही वर्षभराची मुले आई खोलीबाहेर गेली तरी शांत राहत आणि परतल्यावर तिच्याकडे पाठ फिरवत. या घरांत मारहाण नव्हती की उपासमार नव्हती. मूल जवळ आले की त्याला दूर सारण्याची सवय तेवढी होती. १९७७ मध्ये अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले, तेव्हा वरून शांत दिसणारे मूल आतून अस्वस्थ असल्याचे कळले.

मेरी मेन यांनी १९८० च्या दशकात प्रौढांच्या मुलाखतींतून याची पुढची कडी शोधली. काही जण बालपण छान होते असे ठासून सांगत, पण उदाहरण विचारले की एकही आठवत नसे. त्यांची मुलेही बरेचदा पाठ फिरवणाऱ्यांतली निघत. पण कष्टाच्या बालपणाबद्दल न लपवता, सुसंगतपणे बोलू शकणारेही काही होते. त्यांची मुले आईबापांना निर्धास्तपणे बिलगत.