मोटारसायकलला स्लायडर बसवताना

डहाणूहून तलासरीमार्गे उधव्याकडे निघालेल्या दुचाकीस्वाराला एकाच दिवसात दोन निराळ्या वाटा भेटतात. एक राष्ट्रीय महामार्ग ४८ ची, म्हणजे पूर्वीच्या क्रमांक ८ ची, भरधाव वाट. दुसरी पाड्यांकडे वळणारी, पावसाळ्यात चिखलाने निसरडी होणारी कच्ची वाट. हिरो एक्सपल्स किंवा रॉयल एनफील्ड हिमालयन या ड्युअल-स्पोर्ट गाड्या अशा दुहेरी प्रवासासाठीच आहेत. त्या उंच असतात, शिवाय हिमालयन ४५० चे वजन १९६ किलो भरते. पाय टेकताना तोल गेला की गाडी आडवी होते, आणि इंजिनाचे बाजूचे झाकण फुटून तेल गळू लागले तर प्रवास तिथेच संपतो.

स्लायडर म्हणजे नायलॉन किंवा ॲसिटल या टणक प्लॅस्टिकचा जाड ठोकळा. तो इंजिन चौकटीला जखडणाऱ्या बोल्टवर, पोलादी स्पेसरच्या आधारे बसतो. गाडी पडली की तो जमिनीवर घासतो, झिजतो आणि इंजिन वाचवतो. परंतु हे साधन मुळात शर्यतीच्या गुळगुळीत धावपट्टीवरचे. मऊ मातीत तोच ठोकळा नांगराच्या फाळासारखा रुततो आणि सगळा झटका एका बोल्टवाटे चौकटीवर येतो. म्हणून ज्यांची निम्मी धाव कच्च्या रस्त्यावर आहे त्यांनी दोन-तीन ठिकाणी जखडलेला नळीचा क्रॅश गार्ड, इंजिनाखालची संरक्षक पट्टी आणि धातूचा गाभा असलेले हँडगार्ड यांना पसंती द्यावी. स्लायडर खरा शोभतो तो मुख्यतः डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला.

बसवण्याच्या कामात घाई नको. गाडी सरळ उभी करून इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवावा व जॅकने त्याचा भार अलगद तोलावा. मगच बोल्ट काढावा, तोही एका वेळी एकच. दोन्ही काढले की इंजिन किंचित सरकते आणि भोके जुळता जुळत नाहीत. नवा बोल्ट जुन्यापेक्षा स्पेसर व ठोकळ्यात जितका जाईल नेमका तितकाच लांब हवा. ॲल्युमिनियममध्ये आटे धरायचे असतील, तर बोल्टच्या जाडीच्या दीडपट खोली ही ढोबळ मर्यादा समजावी : १० मिलिमीटरच्या बोल्टला १५ मिलिमीटर. माथ्यावरचा ८.८ किंवा १०.९ हा दर्जा मूळ बोल्टशी जुळलाच पाहिजे. अधिक कणखर बोल्ट अधिक चांगला, हा गॅरेजमधला समज धोक्याचा आहे. वाकायचे असेल तर बोल्टने वाकावे. तो वाकला नाही तर चौकट वाकते किंवा इंजिनाचा कान तुटतो, आणि ही दुरुस्ती गाडीच्या सर्वात महागड्या दुरुस्त्यांपैकी असते.

बोल्ट आवळण्यासाठी टॉर्क पाना वापरावा, आकडा गाडीच्या सेवापुस्तिकेतून घ्यावा. मध्यम ताकदीचे थ्रेडलॉक लावावे. डहाणू, नरपड, बोर्डीच्या खाऱ्या हवेत पोलादी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये गंजून अडकतात, त्यालाही ते काहीसा अटकाव करते. ठोकळ्यात बोल्टचा माथा खोल बुडालेला हवा, नाहीतर घासताना धातूच रस्त्याला लागतो. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, गिअर व ब्रेकचे पेडल दाबून काही अडत नाही ना, हे पाहावे.

या साधनांनी पाय वाचतो, असे मात्र समजू नये. अमेरिकेत १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या हर्ट अहवालात असे आढळले की, क्रॅश बारमुळे घोटा व पावलाच्या जखमा घटल्या, पण गुडघा, नडगी आणि मांडीच्या तितक्याच वाढल्या. बूट आणि गुडघ्याचे कवच यांना पर्याय नाही.

पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासावा. गाडी एकदा पडली की ठोकळा धड दिसला तरी बोल्ट काढून सपाट काचेवर फिरवून पाहावा. जरा जरी डगमगला, तर तो सरळ न करता बदलावा.