थिल्लर गाणे

परवा धाकट्या नातवाने मोबाइलवर 'अलबेला'तले भगवानदादांच्या नाचाचे गाणे लावले आणि घरभर नाचू लागला. हिने हसून माझ्याकडे पाहिले. तिला १९७८ची गोष्ट ठाऊक आहे.

त्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनाचे काम माझ्याकडे होते. सातवीच्या दोन मुलांनी ह्याच गाण्यावर नाच बसवला होता. मी तो 'थिल्लर' म्हणून काढून टाकला आणि त्याच मुलांना शहिदांचे गाणे म्हणायला उभे केले. लताबाईंनी २७ जानेवारी १९६३ला दिल्लीत नेहरूंसमोर गायलेले, कवी प्रदीपांचे. मुले बिचारी रडवेली होऊन गायली. पालकांना वाटले, काय भाव आणलाय!

दोन्ही गाण्यांचा संगीतकार एकच, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १९१८, पुणतांब्याचा. विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणे शिकलेला हा मुलगा नट व्हायला निघाला, 'नागानंद'मध्ये (१९३५) काम केले, पण रमला शेवटी पेटीवर. १९४७ला 'शहनाई' आला तेव्हा वय अवघे २९. त्यातल्या 'संडे'च्या गाण्यात इंग्रजी बाजाची चाल आणि मिश्कील हिंदी अशी काही घुसळली की ते गल्लोगल्ली पोचले. आमचे वडील ते लागले की रेडिओ बंद करत. (आंघोळीला गेले की स्वतःच गुणगुणत, ते वेगळे!)

चार वर्षांनी 'अलबेला'. बाँगो, ट्रंपेट, क्लॅरिनेट... ट्रंपेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचा अंतोनियो झेवियर वाझ, अण्णांचा सहायक. पडद्यावरही त्याचा ताफा दिसतो. ठेका परदेशी खरा, पण चाल कशी, शेतावरच्या गड्यालाही गुणगुणता यावी अशी. आणि ह्याच चित्रपटात लताबाईंची ती अंगाई, जिच्यावर आमच्या दोन्ही मुली झोपल्या. ती मात्र मला कधी थिल्लर वाटली नाही. असो.

त्या दोघांपैकी एक जण गेल्या वर्षी एका लग्नात भेटला. आता साठीकडे झुकलेला, पोट सुटलेले. मी म्हटले, "अरे, तुमचा नाच मी उगाच काढला." तो म्हणाला, "सर, अजून येतो," आणि हातातली ताटली बायकोकडे देऊन तिथेच, जेवणाच्या रांगेत, दोन पावले करून दाखवली.